छोट्या सिस्टरचा शब्द

त्याने तिला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्याला तिचे असे काहीच दिसले नव्हते.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर गॉगल, त्यावर पारदर्शक पडदा आणि त्या पडद्यावर आतून साचलेली श्वासाची वाफ. साथीच्या त्या दिवसांत अतिदक्षता विभागात सगळेच असे एकसारखे दिसत. म्हणून जो तो छातीवर मार्करने आपले नाव लिहून घेई. हिने नाव लिहिले नव्हते. हिच्या छातीवर टपोऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते: हाक मारा.

तो एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ. चाकांवरचे यंत्र ढकलत वॉर्डात यायचे, रुग्णाच्या पाठीमागे प्लेट सरकवायची, छातीचा फोटो काढायचा आणि आल्या पावली निघायचे, एवढेच त्याचे तिथले येणे-जाणे. त्या सकाळी खिडकीजवळच्या आजींना काही केल्या बसते होता येईना. प्लेट सावरावी तर आजी कलंडतात, आजींना सावरावे तर प्लेट निसटते. तेवढ्यात पलीकडून दोन हात आले आणि त्यांनी आजींना अलगद खांद्याशी टेकवून घेतले.

“सरकवा आता. आणि प्लेट गार आहे, हे त्यांना आधी सांगा तरी.”

तो ओशाळला. “आजी… गार लागेल हं.”

“हां, असं.”

“सिस्टर, तुम्ही आता मागे व्हा. किरणं…”

“मी मागे झाले तर आजी पुढे होतील. काढा तुम्ही.”

क्षणभर तो घुटमळला. मग अंगावरचा शिशाचा एप्रन त्याने उतरवला, तिच्या खांद्यांवर चढवला आणि स्वतः दूर दाराशी जाऊन उभा राहिला.

“बाप रे! एवढं ओझं रोज वागवता?”

“सवय झालीय.”

“बोलायची मात्र झालेली दिसत नाही.”

त्यावर काय बोलावे ते न सुचून, दिवसभर जे म्हणायचे तेच तो म्हणाला, “आजी, श्वास घ्या… रोखून धरा…” आणि त्याच्या लक्षात आले, की आजींबरोबर तिनेही श्वास रोखला आहे. तिच्या पडद्यावरची वाफ हळूहळू विरली आणि प्रथमच दोन डोळे स्वच्छ दिसले. थकलेले होते ते… पण कुठेतरी, अगदी कडेला, हसत होते. “सोडा” हा शब्द उच्चारायला त्याला नेहमीपेक्षा किंचित उशीर झाला.

वॉर्डातल्या थोरल्या मावशी, म्हणजे झाडलोट करणाऱ्या, रुग्णांचे सगळे हवे-नको पाहणाऱ्या साऱ्या मावश्यांच्या म्होरक्या, त्याला ‘श्वासराव’ म्हणत. या माणसाला तीन शब्दांपलीकडे वाचा नाही, असे त्यांचे ठाम मत होते. ते फारसे चूकही नव्हते. बोलायला गेले की शब्द त्याच्या घशाशी येऊन दाटी करत आणि एकही बाहेर पडत नसे. काळ्या फिल्मवर उमटणाऱ्या बरगड्यांच्या शुभ्र कमानींकडे मात्र तो तासन्‌तास पाहू शकत असे. माणसे आतून फार नाजूक असतात, एवढे त्याला त्या खोलीने शिकवले होते.

पुढे एके दिवशी इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, पाठ टेकून बसलेली एक मुलगी त्याला दिसली. गालांवर मास्कच्या कडांचे लाल वळ, कपाळावर घामाने चिकटलेले केस, हातात कागदी पेल्यातला चहा. तो ओलांडून जाणार, इतक्यात ती म्हणाली, “प्लेटवाले, आज एप्रन नाही?”

आवाज ओळखीचा निघाला आणि चेहरा तेव्हा त्या आवाजाला येऊन मिळाला.

त्यानंतर त्याला त्या पायऱ्यांवर वारंवार काम निघू लागले. बोलायची ती, ऐकायचा तो. बाबा पूर्वी बस चालवायचे, दम्याने बेजार आहेत; म्हणून साथ आल्यापासून ती परिचारिकांच्या वसतिगृहात राहते. घरी गेलीच तर अंगणातून बोलते, बाबा गॅलरीतून ओरडतात आणि त्या दोघांचे हितगुज अख्खी गल्ली ऐकते. हे सांगताना ती खूप हसली. हसता हसता एकदम चहाकडे पाहू लागली.

वॉर्डात तो तिला न्याहाळी. बेशुद्ध माणसालाही ती “आता कूस बदलतेय हं” असे सांगून मगच हात लावी. कुणाच्या मुलीला फोन लावून तो आजोबांच्या कानाशी धरून, हात भरून येईपर्यंत उभी राही. त्यात कुठेही आव नव्हता. श्वास घ्यावा तितक्या सहज ती चांगली होती… आणि त्या चांगुलपणापुढे त्याला स्वतःचे गप्प राहणे प्रथमच बोचू लागले.

घरी आईने भात वाढता वाढता त्याला निरखले. “आज ‘वाढ’ म्हणालास, ‘पुरे’ म्हणालास आणि ‘छान झालाय’ म्हणालास. कोण आहे ती?”

“कोणी नाही गं.”

“बरं. त्या ‘कोणी नाही’ला म्हणावं, अजून जरा बोलतं कर याला.”

वर्ष सरता सरता लस आली. पहिला मान दवाखान्यातल्यांचा. कोपऱ्यातली खोली धुऊन-पुसून सजली, टोचल्यानंतर अर्धा तास बसायला बाहेर खुर्च्या मांडल्या गेल्या, मोठ्या डॉक्टरांनी अस्तन्या सारून फोटो काढून घेतला. रांगेत उभे राहा म्हणाले, तसा तोही उभा राहिला. टोचून घेतली, अर्धा तास बसला, उठून कामाला लागला.

पण पुढे त्या खुर्च्या रिकाम्याच राहू लागल्या. कुणी म्हणे, एवढ्या घाईत केलेली वस्तू. कुणी म्हणे, आमचा मान कसला, आमच्यावर प्रयोग. आणि अतिदक्षता विभागातल्या झाडून साऱ्या मावश्या आणि वॉर्डबॉय मामा एकच उत्तर देत, “छोट्या सिस्टर घेतील, मग आम्ही.”

छोट्या सिस्टर म्हणजे तीच. आणि तिने घेतली नव्हती.

वॉर्डप्रमुख असलेल्या मोठ्या सिस्टरांचा पारा चढला. “तुझ्या एका दंडापायी माझ्या वॉर्डातले सगळे दंड अडलेत! साथ पुन्हा वर चाललीय, दिसतंय ना? या सोमवारपर्यंत घे. नाहीतर मला तुला वॉर्डातून काढावं लागेल, आणि तुझ्यामागे या बायका तशाच राहतील.”

“घेणार नाही असं मी म्हटलंच नाही, सिस्टर.”

“मग काय म्हणतेस?”

ती पलीकडच्या रुग्णाची उशी सारखी करायला वळली.

त्या रात्रभर तो तळमळला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण सकाळी उठला तो एक बेत मनाशी धरून. आपल्याला बोलता येत नाही, दाखवता तर येते! त्याने मागच्या लाटेतल्या काही फिल्म काढल्या, नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि उजेडाच्या पेटीवर ओळीने लावून ठेवल्या. धुके उतरल्यासारखी पांढुरकी झालेली फुप्फुसे. हे पाहिल्यावर कोण नाही म्हणेल? फूल द्यायला निघालेल्या माणसाच्या धडधडत्या उमेदीने त्याने तिला आपल्या अंधाऱ्या खोलीत बोलावले.

ती आली. पेटीचा निळसर उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. एकेका फिल्मजवळ वाकून ती पाहू लागली.

“ही खिडकीजवळची आजी,” मग ती हळूच म्हणाली. “हा ब्लाउजचा हूक राहिला होता, मी काढायला विसरले. हा केशकर्तनालयवाला… पाठीचा कणा थोडा वाकडा. मुलीचं नाव सारखं घ्यायचा. आणि हे…” तिचे बोट शेवटच्या फिल्मशी थांबले. गळ्याजवळच्या हाडावर, पूर्वी मोडून सांधल्याची जुनी खूण होती. “हे आमच्या वॉर्डातले मास्तर. लहानपणी झाडावरून पडले होते. मला तीनदा सांगितलं त्यांनी.”

“मला वाटलं… तुम्ही बघाल आणि…”

“मला फुप्फुसं दाखवताय तुम्ही?” आवाज चढला नाही, चढता तर बरे झाले असते. “या प्रत्येकाच्या पाठीखाली मी उशी सारलीय. यांना काय झालं होतं, हे मला तुम्ही शिकवणार?”

तो पेटी बंद करायला धावला. तिने हाताने अडवले.

“राहू दे. ऐका आता. मास्तरांना एक इंजेक्शन द्यायचं होतं. तेव्हा सगळ्यांनाच देत होते, वरून आदेश होता. मास्तर नको म्हणत होते. माझा हात धरून म्हणाले, ‘पोरी, तू सांगशील तसं.’ मी म्हटलं, ‘बिनधास्त घ्या, मी सांगते ना!’ त्यांनी घेतलं. गेले ते… त्या इंजेक्शननं नाही, आजारानंच गेले, कळतं मला. पण पुढे कागद आला, त्या औषधाचा काही उपयोग नाही, बंद करा. एवढंच. कुणी येऊन सांगितलं नाही, चुकलं म्हणून. भिंतीवर नवा कागद, जुना कचऱ्यात.”

बाहेर कुणाच्या तरी चाकांच्या खुर्चीची करकर ऐकू आली आणि विरून गेली.

“माझ्या दंडाला काही नाही हो, दहा वेळा टोचा. पण मी बाही वर केली, की त्या सगळ्या बायका करणार. काही न विचारता… मास्तरांसारख्या. मला आधी विचारायचंय. एकदा बैठकीत विचारलं, तर एक साहेब म्हणाले, ‘सिस्टर, जरा वाचन वाढवा.’ सगळे हसले. त्यानंतर मला तोंड उघडवत नाही.”

“काय… काय विचारायचं होतं?” त्याने विचारले.

तिने त्याच्याकडे पाहिले. बहुधा हा प्रश्न तिला आजवर कुणी केलाच नव्हता. मग तिने एकेक करत सारे सांगितले आणि निघून गेली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, “आजींच्या फिल्मवर पट्टी नीट लावा. नाव दिसतंय.”

तो एकटाच त्या निळ्या उजेडात बसून राहिला. लाज वाटत होती. पण त्या लाजेच्या तळाशी आणखी काही होते. आपण रांगेत उभे राहिलो, बाही सारली, निघून आलो. एक अक्षर विचारले नाही. त्याला आपण समजूतदारपणा समजत होतो. आणि ही मुलगी, जिला सारे भित्री म्हणत आहेत, ती इतरांच्या विश्वासाचे ओझे उचलण्याआधी ते किती आहे हे हातात घेऊन पाहू मागते. तिच्यासारखी निधडी व्यक्ती या इमारतीत दुसरी नाही… हे तिला सांगायला हवे होते. आणि दाखवले काय, तर त्या सगळ्यांच्या पाठीखाली उशा सारणारीलाच फुप्फुसांची चित्रे!

शनिवारी सभागृहात सर्वांना बोलावले होते. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवले, आवाहन केले आणि प्रथेप्रमाणे विचारले, “काही शंका?” प्रथेप्रमाणेच सभागृह शांत राहिले. मागच्या रांगेत, मावश्यांच्या घोळक्यात, ती मान खाली घालून बसली होती.

तो उभा राहिला.

कसा राहिला, ते त्याचे त्यालाही पुढे कधी नीटसे सांगता आले नाही. कुणीतरी हातात माइक दिला. जिभेला जे एकच वाक्य येत होते तेच माइकमधून घुमले, “श्वास घ्या…”

सभागृह खो खो हसले. थोरल्या मावशी ओरडल्या, “घेतला रे श्वासराव, आता सोडू का धरू?”

हसण्याचा तो लोंढा ओसरला आणि आश्चर्य असे, की त्याबरोबर त्याची भीतीही ओसरली. याहून फजिती आता काय व्हायची होती?

“सर, लस एवढ्या लवकर तयार झाली ती कशी? काही गाळलं का?”

मोठे डॉक्टर चकित झाले. “अरे, तू तर पहिल्याच दिवशी घेतलीस ना?”

“घेतली, सर. पण न विचारता घेतली. ते चुकलं.”

डॉक्टर हातातला रिमोट खाली ठेवून पुढे आले. चाचण्यांचे टप्पे गाळलेले नाहीत, एकामागून एक करण्याऐवजी काही एकाच वेळी केले, पैसा आणि माणसे एकदम लागली, असे त्यांनी सावकाश, फळ्यावर रेघा ओढून समजावले. तो विचारत गेला. कुणाच्या अंगावर उठली तर? फार क्वचित, पण होऊ शकते. अर्धा तास बसवतात ते त्यासाठीच, औषध हाताशी ठेवून. संरक्षण किती दिवस टिकेल?

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“ती घेऊनही आमच्याकडून घरच्यांना लागण होईल का?”

“कमी व्हावी अशी आशा आहे. खात्रीनं… माहीत नाही. गंभीर आजारापासून ती वाचवते, हे मात्र माहीत आहे.”

सभागृहात चुळबूळ थांबली होती. त्याने माइक घट्ट धरला. शेवटचा प्रश्न राहिला होता.

“सर, आज तुम्ही जे सांगताय, त्यातलं उद्या काही चुकीचं निघालं… तर आम्हाला कोण सांगणार? कागद लावणार, की सांगणार?”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांचेही डोळे थकलेले होते, हे सर्वांना बहुधा तेव्हाच दिसले.

“मी सांगेन,” ते म्हणाले. “इथंच उभा राहून. मागं एकदा सांगायला हवं होतं… तेव्हा आम्ही नुसते कागद लावले. ते बरोबर नव्हतं.”

मागच्या रांगेत एक मान वर झाली.

तो घामाघूम होऊन बाहेर आला, तो मागच्या पायऱ्यांवर ती आधीच उभी.

“चोरी केलीत तुम्ही. ते सगळे प्रश्न माझे होते.”

“हो. म्हणजे… माफ करा. माझे असतेच तर मी आधीच…”

“पुढच्या वेळी माझ्या देखत चोरा. मला बघायला आवडेल.” आणि ती वळून भराभरा निघून गेली. तिचे डोळे ओले होते की उन्हाची तिरीप होती, हे त्याला कळले नाही.

सोमवारी सकाळी ती कोपऱ्यातल्या खोलीत गेली. दाराबाहेर मावश्या आणि मामा, हातातली कामे तशीच टाकून. ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली, तोच तो यंत्र ढकलत तिथे उगवला.

“इथं रे कुणाचा फोटो काढायचाय?” थोरल्या मावशींनी डोळे बारीक केले.

“चाक… चाक अडकतंय. बघत होतो.”

“बघ हो, नीट बघ. चाकाकडे बघ तेवढं.”

तो बसला, मधे एक खुर्ची सोडून. ती समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “फजिती करून घेतलीत माझ्यासाठी. का?”

शब्द घशाशी आले, दाटी झाली… आणि या वेळी ते वाट काढून बाहेर पडले. “तुमच्यासारखं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. म्हणजे फार आवडता तुम्ही मला. हेही चोरून ठेवलं होतं बरेच दिवस.”

ती अगदी वॉर्डातल्या गंभीर सुरात म्हणाली, “आम्ही न विचारता काही घेत नाही, माहीत आहे ना? याचे दुष्परिणाम काय?”

“मी… बोलतो कमी. रागावलो की आणखी कमी. जेवताना पुस्तक लागतं. आई म्हणते, मी घोरतो.”

“आणि किती दिवस टिकतं?”

त्याने विचार केला. खोटे बोलायला ही जागा नव्हती. “कायमचं, असं वाटतंय. पण चाचणी पूर्ण झालेली नाही.”

ती इतक्या मोठ्याने हसली, की खोलीतली सिस्टर डोकावली. “काही होतंय का गं?”

“होतंय,” ती म्हणाली. “पण लसीनं नाही.”

तेवढ्यात थोरल्या मावशी पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या ठाकल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. “सिस्टर, बोला आता. आम्ही घ्यायची ना? तुम्ही सांगाल तसं.”

ती उठली. एवढे सारे चेहरे, एवढा सारा भरवसा. त्याने पाहिले, तिने हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंफली होती.

“मी सांगेन तसं नाही, मावशी. मी का घेतली ते सांगते. काय कळलं ते सांगते, काय अजून कुणालाच कळलेलं नाही तेही सांगते. मग तुम्ही विचारा, हवं तेवढं. आणि ठरवा तुमचं तुम्ही.”

मावशी भुवया उंचावून पाहत राहिल्या. मग एक खुर्ची ओढून त्यांनी बैठक मारली. “बरं. मग पहिलं सांगा, माझा रक्तदाब आहे, त्याचं काय?” आणि बाकीच्याही बसल्या, कुणी खुर्चीवर, कुणी जमिनीवर, कुणी त्याच्या यंत्राला टेकून. अर्ध्या तासासाठीच्या त्या खुर्च्या दुपारपर्यंत बोलत राहिल्या. त्या दिवशी कित्येकींनी बाही वर केली, दोघी “उद्या बघू” म्हणून गेल्या, आणि त्या दोघींना कुणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी ती पोशाख चढवत होती. पाठीमागच्या नाड्या बांधायला हात मागे नेला आणि कळवळली.

“दुखतोय?”

“चांगलाच. मावशींना तसं कळवलंय, ‘तुमचाही दुखेल.’ त्यांनी मला सकाळीच चार शिव्या घातल्या. बांध ना जरा.”

‘बांध’. ‘बांधा’ नव्हे. तो काही क्षण नाड्या हातात धरून तसाच उभा राहिला. मानेजवळ केसांची एक बट सुटली होती. तिला धक्का न लावता त्याने गाठ मारली, मग कमरेची.

पाठमोरी असतानाच ती म्हणाली, “संध्याकाळी बाबांना भेटायला जातेय. अंगणातूनच, नेहमीसारखं… येशील? तुला बोलावं नाही लागणार, बाबा दोघांचं बोलतात.”

“आणि त्यांनी वरून विचारलं, हा कोण म्हणून? अख्खी गल्ली ऐकेल.”

“मग खरं काय ते सांगेन मी.”

“काय?”

तिने न दुखणाऱ्या खांद्याने दार ढकलले. आतून यंत्रांचा अखंड आवाज आला, कुणीतरी “सिस्टर…” म्हणून क्षीण साद घातली आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी एकवार त्याच्याकडे वळली.

“अंगणात उभा राहून ऐक,” ती म्हणाली, आणि त्या हाकेकडे निघून गेली.